अमेरिकेची राज्यघटना आणि तडजोडीचे मोल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या घटनेत दुरुस्ती करण्याचा विचार सध्या चालू आहे. त्या निमित्ताने घटना म्हणजे काय, ती कशी घडते आणि कशाने टिकते, याविषयी चार शब्द सांगावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली, ती आम्ही शिरसावंद्य मानली. आम्ही कायदेपंडित नव्हे. आमचे आयुष्य शाळेत इतिहास-भूगोल शिकविण्यात गेले. म्हणून दृष्टांत इतिहासातूनच घेतो. आज अमलात असलेल्या राष्ट्रांच्या लेखी घटनांत अमेरिकेची घटना सर्वांत जुनी गणली जाते. १७८७ साली लिहिलेला तो लेख चार मोठ्या चर्मपत्रांवर मावला. आजही तो वॉशिंग्टन शहरी जतन करून ठेवलेला आहे. हा लेख घडत असताना काय वाद झाले, कोणी काय सोडले, आणि कोणाचे काय गेले, एवढाच आमच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. अटलांटिकच्या किनाऱ्यावरील इंग्रजांच्या १३ वसाहतींनी ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मान्य केला. त्याचा मसुदा मुख्यतः टॉमस जेफर्सन यांनी लिहिला. सर्व माणसे समान जन्मास आली आहेत आणि जीवित, स्वातंत्र्य व सुखाचा शोध हे त्यांचे हक्क कोणासही हिरावून घेता येत नाहीत, हे त्यातील मुख्य तत्त्व. मूळ मसुद्यात इंग्लंडच्या राजावर आणखी एक आरोप होता. त्याने आफ्रिकेतील माणसे धरून आणून विकण्याचा व्यापार चालविला, असा तो आरोप. हा परिच्छेद काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, गाळून टाकला. कारण दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया यांस तो मानवत नव्हता. जेफर्सन स्वतः शेकडो गुलामांचे धनी होते, हेही येथेच सांगून ठेवतो. पुढील सगळ्या कथेचे बीज या गाळलेल्या परिच्छेदात आहे.

स्वातंत्र्य पुकारले, तरी १३ राज्यांस एकत्र बांधणारा दोर हवा होता. तो पहिला दोर म्हणजे संघाचा करारनामा. तो काँग्रेसने १७७७ साली मंजूर केला, पण सर्व राज्यांची संमती मिळून अमलात येण्यास १७८१ चा मार्च उजाडला. या करारनाम्यात मध्यवर्ती सत्तेला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. राज्यांकडे वर्गणी मागावयाची, आणि राज्यांनी ती दिली तर दिली! शिवाय करारनाम्यात काना-मात्रा बदलावयाचा झाला तरी १३ ही राज्यांचे एकमत लागे. आयात मालावर शेकडा ५ जकात बसवून युद्धाचे कर्ज फेडावे असा ठराव निघाला. बाकीची राज्ये राजी होत आली असता ऱ्होड आयलंड या सर्वांत चिमुकल्या राज्याने १७८२ साली नकार दिला, आणि ठराव बारगळला. १७८६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज या माजी लष्करी कप्तानाच्या पुढारीपणाखाली बंड केले आणि जप्तीचे हुकूम निघू नयेत म्हणून न्यायालये बंद पाडली. ते बंड मोडण्यास मध्यवर्ती सत्तेपाशी पैसा नव्हता. व्यापाऱ्यांनी वर्गणी करून सैन्य उभे केले. ज्या घटनेत दुरुस्तीची वाट एकाच्या हटवादाने बंद होते, ती घटना कितीही सद्हेतूने लिहिलेली असो, चालत नाही. हा पहिला धडा.

यावर उपाय शोधण्यासाठी १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया येथे परिषद भरली. ठरलेला दिवस १४ मेचा होता. पण त्या काळचे रस्ते आणि वाहने लक्षात घेता पुरेसे प्रतिनिधी जमण्यास २५ तारीख आली. एकंदर ५५ जणांनी कमीअधिक काळ हजेरी लावली. ऱ्होड आयलंडने कोणासच पाठविले नाही. अध्यक्षस्थानी जॉर्ज वॉशिंग्टन होते. वयाने सर्वांत वडील ८१ वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन होते. ते साबण व मेणबत्त्या करणाऱ्याचे चिरंजीव, स्वतः छापखान्यात काम शिकून वर आलेले. व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन रोज पुढे बसून प्रत्येकाचे बोलणे टिपून घेत. त्यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८४० साली छापली गेली, म्हणूनच आज आपणांस आतील वाद ठाऊक आहेत.

या परिषदेने कामकाजाचे जे नियम केले ते कोणत्याही सभेने ध्यानात घ्यावेत असे आहेत. आतली चर्चा बाहेर सांगावयाची नाही, हा एक. एकदा ठरलेला प्रश्न पुन्हा विचारास घेता यावा, हा दुसरा. कोणी कोणत्या बाजूस मत दिले याची इतिवृत्तात नावानिशी नोंद ठेवावयाची नाही, हा तिसरा. या नियमांचा हेतू असा की, माणसाने सकाळी एक मत दिले आणि सायंकाळी त्याला दुसऱ्याचे म्हणणे पटले, तर मत बदलण्यात त्याला लाज वाटू नये.

आता मुख्य वादाकडे वळू. व्हर्जिनियाची योजना २९ मे रोजी पुढे आली. तिच्याप्रमाणे कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांत लोकसंख्येच्या किंवा कराच्या प्रमाणात जागा मिळावयाच्या. लहान राज्ये हबकली. १७९० च्या पहिल्या शिरगणतीत व्हर्जिनियात जवळजवळ साडेसात लाख माणसे भरली आणि डेलावेअरमध्ये ६० हजारही नव्हती. यावरून त्यांची भीती समजेल. १५ जून रोजी न्यू जर्सीने उलट योजना मांडली की, पूर्वीप्रमाणेच प्रत्येक राज्यास एक मत असावे. महिनाभर भवति न भवति चालली. फिलाडेल्फियाचा उन्हाळा आणि वादाचा उष्मा दोन्ही वाढले. ३० जून रोजी डेलावेअरच्या एका प्रतिनिधीने तर भर सभेत बजावले की, तुम्ही संघ मोडलात तर लहान राज्ये एखाद्या परकी मित्राचा हात धरतील. २ जुलैला मते घेतली, ती समसमान पडली. परिषद मोडते की काय असा तो प्रसंग होता.

ही गाठ सोडविण्यात कनेक्टिकटचे रॉजर शर्मन यांचा वाटा मोठा. हे गृहस्थ तरुणपणी चांभारकाम करीत. पुढे स्वतःच अभ्यास करून ते जमीन मोजणीदार झाले, वकील झाले, न्यायाधीश झाले. त्यांनी ११ जूनलाच सुचविले होते की, एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा द्याव्यात आणि दुसऱ्यात, म्हणजे सिनेटमध्ये, प्रत्येक राज्यास सारखे मत असावे. १६ जुलै रोजी ही तडजोड ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या मतांनी मंजूर झाली. मॅडिसन यांस ती मुळीच पसंत नव्हती; तरी ते रागावून घरी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोठ्या राज्यांच्या मंडळींनी आपसांत विचार केला, आणि काम पुढे चालू राहिले. या तडजोडीवर अमेरिकेत आजही टीका होते. पण तिच्यापायी देश फुटला नाही. तिने संघ बांधला.

परंतु त्याच सभागृहात, त्याच माणसांनी, त्याच उन्हाळ्यात दुसरीही एक तडजोड केली. लोकसंख्येप्रमाणे जागा द्यावयाच्या, तर गुलामांची गणना कशी करावयाची? दक्षिणेकडील कित्येक प्रतिनिधी म्हणाले, पूर्ण धरा. उत्तरेकडील कित्येक म्हणाले, तुम्ही त्यांना मालमत्ता म्हणता, मग धरूच नका. येथे ऐकणाऱ्याची चूक होण्याचा संभव आहे. पूर्ण धरा म्हणणारे गुलामांचे कैवारी नव्हते. गुलामास मत नव्हतेच. त्याची गणना जितकी अधिक, तितक्या त्याच्या धन्याच्या राज्यास जागा अधिक! शेवटी ठरले की, गुलामांच्या संख्येचा तीन-पंचमांश धरावा. याने दक्षिणेच्या प्रतिनिधिगृहातील जागा वाढल्या आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातील मतेही वाढली.

एवढ्याने भागले नाही. गुलामांच्या आयातीवर मध्यवर्ती सरकारने १८०८ पर्यंत बंदी घालू नये, असेही कलम आले. आधी मुदत १८०० ची होती. दक्षिण कॅरोलायनाच्या सूचनेवरून ती ८ वर्षांनी वाढविली, आणि त्या बाजूस न्यू इंग्लंडच्या, म्हणजे उत्तरेच्या, तीन राज्यांनी मत दिले. कारण उघड होते. त्यांच्या जहाजव्यापाराचे कायदे साध्या बहुमताने व्हावेत ही त्यांची गरज होती, आणि देवाणघेवाण झाली. पळून गेलेल्या गुलामास धन्याच्या स्वाधीन करावे, हे तिसरे कलम. विशेष असे की, या सर्व कलमांत 'गुलाम' हा शब्द कोठेही नाही. 'इतर व्यक्ती' असे मोघम शब्द योजले आहेत. माणूस ही माणसाची मालमत्ता होऊ शकते ही कल्पना घटनेत लेखी येणे योग्य नव्हे, असे मॅडिसन यांनी सभेत सांगितले. शब्द लिहिण्याची लाज वाटली. गोष्ट करण्याची वाटली नाही.

विरोध झालाच नाही असे नाही. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी २२ ऑगस्ट रोजी स्पष्ट सांगितले की, राष्ट्राच्या पापाची शिक्षा राष्ट्रालाच संकटरूपाने भोगावी लागते. ते स्वतः अनेक गुलामांचे धनी होते, हे मात्र विसरून चालणार नाही. आणि शर्मन काय म्हणाले? हा व्यापार आपणांस नापसंत आहे. पण त्यापायी राज्ये गमावण्यापेक्षा आहे ते तसेच राहू द्यावे. ज्या शहाण्या माणसाने जुलैमध्ये संघ वाचविला, त्याच शहाण्या माणसाने ऑगस्टमध्ये हे मत दिले. दोन्ही वेळा हेतू एकच होता. मग एका तडजोडीने घर बांधले आणि दुसरीने घराच्या पायात सुरुंग पेरला, असे का?

आमच्या अल्पमतीप्रमाणे उत्तर असे आहे. पहिल्या तडजोडीत मोठ्या राज्यांनी काही सोडले आणि लहान राज्यांनीही काही सोडले. ज्यांचे जावयाचे ते सभेत हजर होते, बोलत होते, भांडत होते, आणि अखेर त्यांनीच मान हलविली. दुसऱ्या तडजोडीत उत्तरेने आपले काही सोडले नाही, दक्षिणेने आपले काही सोडले नाही. दोघांनी मिळून तिसऱ्याचे सोडले, आणि तो तिसरा दाराबाहेर होता. आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. अशा व्यवहारास तडजोड हे नाव शोभत नाही. ते नातवंडांच्या नावावर काढलेले कर्ज आहे.

ते कर्ज कसे वाढले पाहा. १७९० साली त्या देशाची एकंदर लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती व त्यांत गुलाम ७ लाखांच्या आसपास. त्याच वर्षी फेब्रुवारीत वृद्ध फ्रँकलिन यांनी गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष या नात्याने काँग्रेसकडे अर्ज पाठविला. काँग्रेसने उत्तर ठरविले की, गुलामांस मुक्त करण्याचा अधिकार आम्हांस नाही. एप्रिलमध्ये फ्रँकलिन निवर्तले. १८६० च्या शिरगणतीत नुसत्या गुलामांचीच संख्या साडेएकोणचाळीस लाखांवर गेलेली होती! म्हणजे ७० वर्षांपूर्वी सबंध देशात जितकी माणसे होती तितकी आता एकट्या दास्यात होती. १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, ६ लाखांहून अधिक माणसे मेली, आणि डिसेंबर १८६५ मध्ये घटनेच्या १३ व्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. मेसन यांचे शब्द शब्दशः खरे ठरले.

आता तिसरी गोष्ट. परिषद आटोपत आली असता १२ सप्टेंबर रोजी याच मेसन यांनी सुचविले की, घटनेच्या आरंभी नागरिकांच्या हक्कांची सनद जोडावी. काही तासांचे काम आहे. राज्यांच्या स्वतःच्या सनदा आहेत, त्या पुरे आहेत, असे उत्तर शर्मन यांनी दिले. हजर राज्यांपैकी एकानेही सूचनेस अनुकूल मत दिले नाही. १७ सप्टेंबरला ३९ सह्या झाल्या. मेसन, रँडॉल्फ आणि गेरी हे तिघे सभागृहात हजर असून त्यांनी सही केली नाही.

त्यानंतर घटना लोकांपुढे गेली. १३ पैकी ९ राज्यांची संमती पुरेशी मानावयाची असे ठरले होते. कोणती ९ राज्ये संमती देतील हे आधी सांगता येत नव्हते. त्यामुळे पहिल्या मसुद्यात आरंभी राज्यांची जी नावे होती ती काढून संयुक्त संस्थानांचे 'आम्ही लोक' एवढेच ठेवले गेले. आज जगाच्या तोंडी असलेला तो शब्दप्रयोग असा आला. त्यावरही वाद झालाच. 'आम्ही राज्ये' असे न म्हणता 'आम्ही लोक' म्हणण्याचा अधिकार यांस कोणी दिला, असा रोकडा सवाल पॅट्रिक हेन्री यांनी व्हर्जिनियाच्या सभेत टाकला. घटनेच्या समर्थनार्थ हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी टोपणनावाने ८५ लेख लिहिले. विरोधकांनीही तितक्याच हिरिरीने लिहिले. सगळ्या विरोधाचा मुख्य रोख एकच होता: हक्कांची सनद कोठे आहे? मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ अशा मतांनी संमती मिळाली, आणि तीही दुरुस्त्या सुचवूनच. ऱ्होड आयलंड सर्वांच्या मागून १७९० मध्ये ३४ विरुद्ध ३२ मतांनी आत आले.

येथे मॅडिसन यांचा मोठेपणा दिसतो. असल्या सनदा म्हणजे कागदी कुंपणे, असे ते प्रथम मानीत. पण विरोधकांच्या म्हणण्यात सत्य आहे आणि लोकांना तशी हमी हवी आहे हे पाहून, जिंकलेल्या पक्षाच्या या पुढाऱ्याने हरलेल्या पक्षाची मागणी स्वतः हाती घेतली. ८ जून १७८९ रोजी त्यांनी दुरुस्त्या मांडल्या. १५ डिसेंबर १७९१ रोजी त्यांपैकी १० अमलात आल्या. भाषणाचे, धर्माचे, वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य त्यांतच आहे. काँग्रेसने पाठविलेल्यांपैकी आणखी एक दुरुस्ती तशीच पडून होती. ती थेट १९९२ साली मंजूर झाली, ती २७ वी. दुरुस्तीचे दार उघडे असले की दोनशे वर्षांनीही त्यातून आत येता येते. गुलामगिरीची बंदी त्याच दाराने आली. १९२० साली स्त्रियांचा मताधिकार त्याच दाराने आला.

गुलामगिरीच्या प्रश्नावरून त्या घटनेविषयी दोन मते पडली होती. विल्यम लॉइड गॅरिसन या सुधारकाने १८५४ साली भर सभेत घटनेची प्रत जाळली. स्वतः गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस प्रथम त्यांच्याच मताचे होते. पुढे त्यांचे मत बदलले. हीच घटना हाती घेऊन गुलामगिरीविरुद्ध लढता येईल, असे ते प्रतिपादू लागले. दोघांचा संताप न्याय्य होता. इतिहासाने अखेर दुरुस्तीच्या मार्गाचा उपयोग केला. पण तो मार्ग रक्तातून गेला हेही खरे.

हे सर्व दूरदेशीचे आहे, आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांस अर्पण केला. तेथील दास्य आणि येथील जातिभेद यांचे नाते त्यांनी तेव्हाच ओळखले होते. ज्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, ते १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी अमेरिकन पद्धतीशी आपल्या पद्धतीची तुलना करून दाखविली. आणि मुख्य फरक असा की, अस्पृश्यतेचा प्रश्न आपल्या घटनाकारांनी मोघम शब्दांआड लपविला नाही. १७ व्या कलमात त्यांनी तिचे नाव घेतले आणि ती नष्ट केली. कलमाने सर्व झाले असे नाही. पण तिसऱ्याच्या हक्कावर तुळशीपत्र ठेवून आपले राज्य उभे राहिले नाही.

आता आपल्या मंडळाकडे येऊ. आपल्या दुरुस्तीत वादाचे विषय दोन आहेत. शहर शाखेस किती जागा आणि गावोगावच्या शाखांस किती, हा एक. हा वाद मोठ्या व लहान राज्यांसारखाच आहे. त्यात खुशाल घासाघीस करावी; उभयपक्षी हजर आहेत, दोघांनी थोडे थोडे सोडावे, निभेल. दुसरा विषय ज्ञातीबाहेर विवाह केलेल्या मुलींचा. त्यांचे सभासदत्व जाते आणि त्यांच्या मुलांस विद्यार्थी-साह्य निधीतून मदत मिळत नाही, हा आपला जुना नियम. जागांचा प्रश्न मिटत असेल तर हा नियम आहे तसा राहू द्यावा, असे बोलणे आमच्या कानी आले आहे. बंधूंनो, या बोलण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. शहराने काही सोडले नाही, गावाने काही सोडले नाही. सोडले ते त्या लेकींचे, आणि त्या या मांडवात नाहीत. नियम ठेवावा की काढावा यावर मतभेद असू शकतो. पण तो प्रश्न जागांच्या तागडीत घालू नये. तो वेगळा घ्यावा, त्या मुलींना बोलवावे, त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकावे, आणि मग मते घ्यावीत.

आणखी एक विनंती. जे काही ठरेल त्यात पुढे बदल करण्याची वाट रुंद ठेवा. आपल्यापेक्षा आपल्या मुलांना अधिक कळणार आहे, एवढे गृहीत धरून लिहिलेली घटनाच टिकते. फिलाडेल्फियाच्या त्या ५५ जणांचे उत्तमातले उत्तम काम कोणते असेल, तर आपल्या चुका पुढील पिढ्यांना सुधारता याव्यात अशी सोय त्यांनी करून ठेवली, हे होय.